अख्खा बोकड घेऊन फ्रीजरमध्ये ठेवायचा असेल तर खाटकाकडून कोणते तुकडे कसे करून घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडातला तुमचा भाऊ दर हिवाळ्यात अख्खं डुक्कर घेऊन फ्रीजर भरतो, त्याचे व्हिडिओ पाहून इथं नागपुरात तुम्ही चार घरांनी मिळून अख्खा बोकड घ्यायचं ठरवलं आहे. खाटकाला काय सांगायचं, वाटे कसे पाडायचे, आणि मुंडी-पाये कोणाच्या गळ्यात घालायचे, हे तुम्हाला हवंय.

आम्ही चार घरं हे सहा-सात वर्षांपासून करतो आहोत. वर्षातून दोनदा, तीनदा. पहिल्या दोन वेळा चांगलेच फसलो, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी भावाचे व्हिडिओ बाजूला ठेवा. शंभर किलोच्या डुकरातून ७० ते ७५ किलो माल निघतो. त्याची पाठ, पोट, मांडी हा एकेक भागच इतका मोठा असतो की त्याचं काय करायचं हे ठरवायला कागद-पेन्सिल घ्यावी लागते. आपला २५ किलोचा बोकड सोलून, साफ करून टांगला की उरतं ११-१२ किलो, तेही हाडासकट. चार घरांत वाटलं तर घरटी तीन किलो. म्हणजे वेगळा डीप फ्रीजर घ्यायची काही गरज नाही. सगळं मटण एकत्र ठेवलं तरी वीसेक लिटर जागा लागते. तुमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एका घराचा वाटा आरामात मावतो. आणखी एक फरक मोठा आहे. डुकराच्या अंगावर चरबीचा थर असतो, बोकडाच्या अंगावर तो फारच पातळ. त्याची चरबी बहुतेक आत, गुर्द्याभोवती आणि आतड्यांवरच्या जाळीत. त्यामुळे बोकडाचं मटण फ्रीजरमध्ये लवकर सुकतं, कडा पांढुरक्या आणि चामड्यासारख्या होतात. ते कसं टाळायचं ते पुढे सांगतो.

स्वस्त पडेल म्हणून करत असाल तर हिशेब आधीच करून घ्या. समजा जिवंत बोकड किलोला ४०० रुपयांनी मिळाला. त्यातलं निम्मंच मटण, म्हणजे ते तुम्हाला ८०० च्या वरच पडलं, शिवाय कापायची मजुरी. दुकानातल्या भावापेक्षा फार काही वाचत नाही. वाचतं ते दुसरंच: जनावर कोणतं हे तुम्ही निवडता, आणि कापायचं कसं हेही तुम्ही सांगता. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. वजन करताना एक पाहा, सकाळी भरपेट चारा-पाणी झालेला बोकड तोलला तर पोटातल्या चाऱ्याचेही पैसे तुम्ही देता. रात्रभर चारा न दिलेला, फक्त पाणी दिलेला बोकड तोलायला सांगा. ओळखीचा शेतकरी असेल तर ऐकतो.

निवडताना खच्ची केलेला, वर्षाच्या आतबाहेरचा बोकड घ्या. दात पाहायचे: पुढचे दुधाचे दात शाबूत असतील तर वय साधारण वर्षाच्या आत, दोन मोठे दात आले असतील तर वर्ष-दीड वर्ष. दोन दातांपर्यंत ठीक. त्यापुढचा धिप्पाड अंडील (खच्ची न केलेला) बोकड दिसायला राजा असतो, पण माजावर असेल तर त्याचा उग्र वास कोणत्याही मसाल्याला दाद देत नाही. आपल्याकडच्या बेरारी शेळ्या, त्या तपकिरी रंगाच्या, नागपूर-वर्धा भागातली विदर्भाची स्वतःची जात आहे. मिळाला तर तोच बोकड घ्या, उस्मानाबादीही छान. आणि कापणं सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजिबात नको. परवानगी असलेल्या ठिकाणीच, जिथं जनावर आधी तपासलं जातं.

आता मुद्द्याची गोष्ट. जे सांगायचं ते सुरी लागण्याआधी सांगा. आमच्या पहिल्या वेळी आम्ही चौघं चहा प्यायला गेलो आणि परत आलो तोवर अख्ख्या बोकडाचे सावजीचे तुकडे झालेले होते. एक इंचाचे, मान, मांडी, सीना (छाती), चाप (फासळ्यांचे तुकडे) सगळं एका ढिगात. खाटकाची चूक नव्हती. नागपुरात 'मटण' म्हटलं की कापणाऱ्याचा हात आपोआप त्याच मापावर जातो. पण एकदा कोयता चालला की चाप परत जोडता येत नाहीत.

ताज्या मटणाला हे मिश्रण चालतं. दुकानातून एक किलो आणलं, लगेच चुलीवर ठेवलं, थोडा तुकडा कमी शिजला तर कुरकुर करायची आणि मोकळं व्हायचं. फ्रीजरसाठी मात्र मिश्रण म्हणजे डोकेदुखी. मानेचा तुकडा शिजायला पाठीच्या तुकड्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेतो. दोन्ही एका पिशवीत असतील तर एक तरी वाया जातो: मान नरम होईतो पाठीचा भुगा झालेला असतो. म्हणून मी भागाप्रमाणे पिशव्या करायला सांगतो, आणि कोणता भाग हे कढईवरून ठरवतो.

आमच्या मोमिनपुऱ्यातल्या चाचांना आता पाठ झालंय, तरी मी दर वेळी म्हणतो, "चाचा, पहले दो फाक, फिर बात." म्हणजे आधी मणक्यातून उभे दोन सारखे भाग. हे सरळ झालं तरच चाप नीट निघतात. चाप आम्ही दोन-दोन फासळ्यांचे ठेवतो. एकेका फासळीचे दिसायला सुंदर, पण फ्रीजरमध्ये इतका पातळ तुकडा आधी सुकतो. पाठीचा कंबरेकडचा भाग, ज्याला खाटीक पुठ म्हणतात, तो सगळ्यात नाजूक. त्याचे मोठे तुकडे ठेवून तव्यावर सुकं करायचं. त्याचा रस्सा करणं मला पाप वाटतं, पण आमच्या घरातच माझं कोणी ऐकत नाही.

खांदा, म्हणजे पुढचा दस्त, हा माझा सर्वांत लाडका भाग. त्यात मांस, शिरा, थोडी चरबी आणि हाड यांचं प्रमाण असं असतं की रस्सा आपोआप दाट होतो. शिरांमधला चिकट अंश हळूहळू वितळून रश्शात उतरतो, म्हणून. सावजीसाठी खांदा आणि मान, बिर्याणीसाठीही खांदाच. मानेचे गोल काप करून घ्या, वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर 'वेळ लागतो' असं लिहा. थट्टा नाही, बायकोला किंवा सासूबाईंना तीन महिन्यांनी कसं कळणार? सीन्याचे लांबट तुकडे अळणी रश्शाला. त्यातली कुरकुरीत हाडं चावायला पोरं भांडतात.

मांड्या दोन, आणि हाडासकट जवळजवळ तिसरा हिस्सा मटण त्यांतच असतं. इथं लोक चुकतात. दोन्ही मांड्यांचे तुकडे करून घेतात आणि मग तक्रार करतात की फ्रीजरमधलं मटण कोरडं लागलं. मांडी मुळातच कमी चरबीची. तुम्ही एक मांडी खालच्या नळीपासून वेगळी करून अख्खी ठेवा. मोठ्या तुकड्याला बाहेरची बाजू कमी, म्हणून तो कमी सुकतो. पाहुणे आले की रात्रभर दही-मसाल्यात ठेवून भाजता येते, आणि नकोच वाटलं तर अर्धवट बर्फ असताना सुरीने तिचे हवे तसे तुकडे होतात. दुसऱ्या मांडीचं हाड काढून अर्ध्याचा खिमा, अर्ध्याची बोटी, म्हणजे बिनहाडाचे तुकडे. खिम्यात पोटाकडचं पातळ मांस आणि बाकीची छाटणही जाऊ द्या, नुसत्या मांडीचा खिमा कोरडा होतो. चारही नळ्या एकत्र ठेवून एकाच घराला द्या. चार घरांत चार नळ्या वाटल्या तर कोणाचीच निहारी होत नाही.

हे सगळं धुळवडीच्या सकाळी करायला जाऊ नका. त्या दिवशी दुकानापुढे रांग असते, आणि तुमचे चाप सरळ आले की वाकडे हे पाहायला खाटकाला उसंत नसते. आम्ही एकदा हिवाळ्यात आणि एकदा आखाडाच्या सुरुवातीला करतो, मधल्या कुठल्या तरी वारी. आखाडात घेतलं की श्रावण लागण्याआधी संपवायची घाई सगळ्यांनाच असते, त्यामुळे फ्रीजरमध्ये काही विसरलं जात नाही.

वाट्यांबद्दल. आमच्या गावाकडे जमिनीवर पळसाची पानं मांडून हिस्से टाकायचे: प्रत्येक ढिगात थोडी मान, थोडी मांडी, थोडी कलेजी, मग कोणीतरी पाठ करून नावं घ्यायची. भांडण नको म्हणून ही पद्धत उत्तम आहे, आणि त्याच दिवशी चूल पेटणार असेल तर त्याहून चांगली नाही. फ्रीजरसाठी आम्ही ती सोडली. आता वजनाने सारखे, पण भागाने वेगळे वाटे करतो आणि दर वेळी पाळी बदलते. या वेळी एकाला अख्खी मांडी, दुसऱ्याला खिमा आणि बोटी, तिसऱ्याला दोन्ही खांदे, चौथ्याला चाप-पुठ आणि सीना. मान आणि नळ्यांनी वजन सारखं करायचं. कुठलाच वाटा वाईट नसतो, आणि पुढच्या वेळी दुसरा मिळणारच असतो.

आमची दुसरी चूक आणखी महागात पडली. सकाळी सातला कापलेलं मटण साडेनऊला फ्रीजरमध्ये. वाटलं, जितकं लवकर तितकं ताजं. दोन आठवड्यांनी काढलं तर कुकरच्या आठ शिट्ट्यांनंतरही रबर. पाणी मात्र भरपूर सुटलं होतं. कारण नंतर कळलं: कापल्यावर काही तासांत मांस आखडतं आणि मग हळूहळू सैल होतं. ते सैल होण्याआधीच गोठवलं तर बर्फ वितळताना ते पुन्हा जोरात आखडतं. दुकानातून गरम मटण आणून थेट शिजवलं तर हे जाणवत नाही, कारण आखडायला वेळच मिळत नाही. म्हणून आता मटण घरी आलं की पसरट भांड्यात, वर झाकण ठेवून, फ्रीजच्या खालच्या सर्वांत गार कप्प्यात एक रात्र. दुसऱ्या दिवशी गोठवायचं.

गोठवण्याआधी धुऊ नका. ओल राहिली की तिचा बर्फ होतो. कोरड्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या, धुणं शिजवायच्या दिवशी. अर्ध्या किलोच्या पिशव्या करा, हवा पूर्ण दाबून काढा, आणि पिशवी चपटी करा, दीड इंचाहून जाड नको. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर वितळते. मी पिशवीचं तोंड उघडं ठेवून ती पाण्याच्या बादलीत तोंडापर्यंत बुडवतो, पाणीच हवा बाहेर ढकलतं, मग गाठ. वर दुसरी पिशवी. हळद-आलं-लसूण चोळून ठेवलं तरी चालतं, मीठ मात्र नको, त्याने पाणी सुटतं आणि चरबीला लवकर खवट वास लागतो. सगळा वाटा एकदम फ्रीजरमध्ये कोंबू नका, पिशव्यांमध्ये जागा ठेवा. फ्रीजर उणे १८ अंशांवर असेल तर मोठे तुकडे सहा महिने सहज चांगले राहतात. खिमा तीन महिन्यांत संपवा.

काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात. मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, ओट्यावर मटण ठेवून 'वितळू दे' म्हणणं म्हणजे बाहेरून नासवणं आणि आतून बर्फ. वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. भरलेला, बंद ठेवलेला फ्रीजर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा रिकामा असेल तर एकच दिवस. एकदा पूर्ण वितळून गरम झालेलं परत गोठवायचं नाही.

राहिलं आतलं. कलेजी, दिल, गुर्दे आणि तिल्ली त्याच संध्याकाळी, चारही घरं एकत्र बसून. कलेजी गोठवता येते, पण वितळल्यावर ती दाणेदार लागते आणि तुम्ही स्वतःलाच शिव्या देता. वजडी त्याच दिवशी गरम पाण्याने आणि चुन्याने घासून साफ करायची, दुसऱ्या दिवशी खायची. हे काम ज्याला येतं त्यालाच द्या. आतडी कोणाला हवी असतील तर सुंदरी करा, इतवारीकडच्या सावजी खानावळीत खाल्ली असेल तर कळेल मी काय म्हणतो.

मुंडी आणि पाये दुकानातच भाजून, खरवडून घ्या. घरी गॅसवर करायला गेलात तर शेजारी तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. मुंडीचे दोन भाग करून भेजा वेगळा काढा आणि तो त्याच दिवशी संपवा. बाकी भाजलेली मुंडी आणि पाये फ्रीजरमध्ये उत्तम राहतात. आमच्यात पहिल्या वर्षी ते कोणालाच नको होते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तिसऱ्या घरातल्या आजींच्या वाट्याला आले. त्यांनी हिवाळ्यात एका रात्री पायांचा रस्सा मंद आचेवर ठेवला आणि सकाळी सहाला आम्हा तिन्ही घरांना वाटी पाठवली. तेव्हापासून चिठ्ठ्या नाहीत, चारही पाये आणि मुंडी त्यांच्याकडे जातात, आणि आम्ही रिकामी वाटी धुऊन परत पाठवतो.