कोणतं पाठ करू, असं विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पत्रासोबत सराव परीक्षेचा पेपर जोडलास ते बरं केलंस. हेलियमचा शोध कुठे लागला, या प्रश्नाला तू आंध्रातलं गुंटूर लिहिलंस. क्लासच्या उत्तरतालिकेत विजयदुर्ग आहे. एक गुण गेला, वर पाव गुण कापला गेला. इथपर्यंत मला काही वाटलं नाही, असे गुण जातात. पण पुढे तू लिहिलंस, "सर, एका गाइडात विजयदुर्ग आहे, दुसऱ्यात गुंटूर. मी नेमकं कोणतं पाठ करू?" त्या वाक्यावर मी अडलो.

तू गुंटूर लिहिलंस ते कशावरून? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या गाइडात छापलं होतं म्हणून, एवढंच ना? मग तुझ्या उत्तराला आधार काय होता? म्हणूनच उत्तरतालिकेनं डोळे वटारल्याबरोबर तू डळमळलीस. उत्तर कशावरून ठरलं हे ज्याला ठाऊक नाही, त्याचं ते उत्तर नव्हेच. छापणाऱ्याचं आहे. त्यानं उद्या बदललं की तूही बदलणार.

आता नीट ऐक. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याची सावली जमखंडी, विजापूर, गुंटूर अशी दख्खनवरून पूर्वेकडे गेली. गुंटूरला जान्सेन नावाचे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण, लावून बसले होते. सूर्याच्या कडेला ज्या ज्वाला दिसतात त्यांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. इकडे लंडनमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर स्वतंत्रपणे त्याच वाटेनं चालले होते. २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहणाशिवाय, त्यांनाही त्या रेषा मिळाल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. पुढे फ्रान्सनं दोघांचे चेहरे असलेलं पदकही काढलं.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यावरून ते ओळखतात. त्या रेषांत एक पिवळी होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतात. ही त्यांच्या शेजारीच, पण ५८७ च्या जरा पुढे. फरक इतका बारीक, की ग्रहण पाहणाऱ्यांना ती सोडियमचीच वाटणं साहजिक होतं. लॉकयर यांनी ती मोजली. सोडियमशी जुळेना, पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग सूर्यावर एक नवं मूलद्रव्य असलं पाहिजे, हा विचार पुढे आला. बरेच रसायनशास्त्रज्ञ मान हलवत राहिले, कारण हातात काही नव्हतं. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला आणि त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा निघाली. तेव्हा कुठे वाद मिटला.

मग विजयदुर्ग आला कुठून? लॉकयर विजयदुर्गला खरोखरच आले होते. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे आजही दाखवतात. पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, ब्रिटिश नौदलाचे खलाशी मदतीला घेऊन. त्या मोहिमेचा अहवाल त्यांनी स्वतः लिहिला आहे. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक नेगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून होते. तोवर हेलियम प्रयोगशाळेत सापडून तीन वर्षं होत आली होती. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, ग्रहणही खरं. तीस वर्षांच्या अंतरानं झालेली दोन ग्रहणं कुणीतरी एकत्र शिवली आणि पुढच्यांनी ती उचलली.

तू कोकणातली आहेस. १८ ऑगस्ट म्हणजे श्रावणाचे दिवस. त्या दिवसांतलं विजयदुर्गचं आभाळ तुला मी सांगायला हवं का? एवढा एक प्रश्न मनात आला असता तरी तू थबकली असतीस. पुरावा प्रत्येक वेळी पुस्तकात शोधावा लागतो असं नाही, कधी आपल्या अंगणातही असतो. मात्र विचारायची सवय हवी.

तू म्हणशील, राज्यसेवेचा अभ्यासक्रम एवढा मोठा, प्रत्येक ओळीच्या मागे लागायला वेळ कुठे आहे. हे मला सांगू नकोस. एकच ओळ दोन गाइडांत दोन तऱ्हांनी घोकायला तुझ्याकडे वेळ होता. काही गोष्टी सरळ पाठच कराव्या लागतात हे मी मान्य करतो. मराठीतले ज्ञानपीठ: खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४. ही वर्षं घोक, त्यात खोल जायचं काही नाही. पण गाइडात कुसुमाग्रजांसमोर 'विशाखा' छापलेलं असतं, ते मुकाट्यानं घेऊ नकोस. खांडेकरांचा पुरस्कार 'ययाति'साठी होता हे बरोबर. १९८२ पासून ज्ञानपीठ एका पुस्तकाला न देता लेखकाच्या एकूण कार्याला देतात. नियम ठाऊक असला की तक्त्यातली चूक आपोआप दिसते. नियम ठाऊक नसला की तक्ताच देव.

गणिती द. रा. कापरेकरांचं बघ. ६१७४ हा आकडा तुझ्या वहीत आहेच: "कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या व चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ येते." हे वाक्य तू करून पाहिलंस का? ११११ घे, पहिल्याच वजाबाकीत शून्य. म्हणजे चारही अंक सारखे चालत नाहीत, ही अट वहीत राहून गेली आहे. आता २१११ घे. २१११ मधून १११२ गेले, उरले ९९९. इथे बहुतेक मुलं थांबतात, कारण ९९९ उलटंसुलटं केलं तरी शून्यच मिळतं. पण ते ०९९९ असं चार अंकांत लिही. ९९९० वजा ०९९९, आले ८९९१. पुढे ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पुढचं शून्य टाकलंस तर आकडा हातचा जातो, ठेवलंस तर पाचव्या पायरीला सापडतो. सातच्या वर पायऱ्या कधीच लागत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. ते करणारी मुलगी प्रश्न कसाही फिरवला तरी चुकत नाही, आणि पाठ करणारी "कोणतीही" या शब्दावरच अडकते.

हे मी इतक्या पोटतिडकीनं का सांगतोय? मी नाशिकला कॉलेजात होतो तेव्हा कापरेकर देवळालीत हयात होते. शाळामास्तर, गणितातली पदव्युत्तर पदवी नाही, १९४९ मध्ये हा स्थिरांक त्यांनी शोधला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकी विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. मला ६१७४ तोंडपाठ होतं. या माणसाला तो आकडा गवसला तरी कसा, हे त्यांच्या दारात जाऊन विचारावं असं मला कधी सुचलं नाही. देवळाली किती लांब? बसनं सहज जाता आलं असतं. १९८६ मध्ये ते गेले. ती रुखरुख अजून आहे, आणि तुला रागावताना निम्मा राग त्या काळच्या माझ्यावरच निघतो, हे तुला कळत असेल.

तेव्हापासून मी हट्टी झालो. आमच्याकडच्या एका शालेय प्रश्नमंजूषेसाठी मी बरीच वर्षं प्रश्न काढून देत असे. माझी अट एकच होती: प्रत्येक प्रश्नाखाली त्याचा आधार लिहायचा. संयोजकांना ते जड होऊ लागलं. "सर, मुलांना मजा येऊ द्या, एवढं कुठे खोदत बसता," असं म्हणत एका वर्षी त्यांनी बोलावणंच बंद केलं. लोक म्हणाले, मी थोडं सैल सोडायला हवं होतं. का सोडायचं? अजिंठ्याचा शोध कुणी लावला, याला "जॉन स्मिथ" हे इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं नाव असलेलं उत्तर तिथे दरवर्षी बरोबर धरलं जायचं. परिसरातल्या लोकांना लेणी ठाऊक होती, स्मिथ २८ एप्रिल १८१९ ला तिथे पोचले, एवढंच म्हणता येतं. आणि तेही कशावरून? दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यांनी नाव आणि तारीख कोरून ठेवली म्हणून. ती अक्षरं आज उभ्या माणसाच्या डोक्यावर येतात, कारण तेव्हा लेण्यात मलबा साचला होता आणि ते त्याच्यावर उभे होते. हे ऐकून कुठल्या मुलाला मजा आली नसती? मी चुकलो नव्हतो. आज बोलावलं तरी मी त्याच अटीवर जाईन.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही पाठ करू नकोस. क्लासला हरकत लिहून दे, आणि मोघम लिहू नकोस. लिही, की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन गुंटूरला होते. लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला लंडनमध्ये वर्णपट पाहिला आणि पिवळ्या रेषेची जागा मोजली. विजयदुर्गला ते थेट १८९८ मध्ये आले. म्हणून विजयदुर्ग हे उत्तर टिकत नाही. आणि पुढे हेही लिही, की ग्रहणातलं निरीक्षण एकीकडचं आणि नवं मूलद्रव्य ठरवणारं मोजमाप दुसरीकडचं, त्यामुळे "कुठे" याला दिलेल्या पर्यायांत एकच बिनचूक उत्तर नाही, सबब प्रश्न रद्द करावा.

प्रश्न रद्द झाला तर कापलेला पाव गुण परत मिळेल. गुंटूरचा गुण मिळणार नाही, आणि तो तू मागूही नयेस.

तुझा,
सर