पोटरीला लागलेले दात

प्रश्न : जुन्नर तालुक्यात मळ्यातच आमचं घर आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. बिबट्याचं भय, शिवाय विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेली. म्हणून रॉटवायलरचं पिल्लू आणलं. राणा आता दहा महिन्यांचा आहे, वजन ४१ किलो. कडक व्हावा म्हणून तो दिवसरात्र गोठ्याजवळ साखळीला असतो, परक्या माणसाला जवळ जाऊ देत नाही. गेल्या आठवड्यात वैरण टाकून परत निघालेल्या गड्याच्या पोटरीला त्याने दात लावले. एक ट्रेनर म्हणतो, ‘कुत्रा तयार आहे, महिनाभर माझ्याकडे ठेवा, अटॅक शिकवतो.’ वडिलांना ते पटलंय. नववीतली मुलगी म्हणते, त्याला घरात घ्या. घरात घेतला तर मवाळ पडेल का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आधी गड्याचं बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती का? रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली का? नसतील तर हे वाचून होताच त्याला दवाखान्यात न्या. राणाला लस दिलेली असली तरीही.

आता राणा. तुमच्या पत्रातले ‘परत निघालेल्या’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. माणूस समोर होता तेव्हा राणा भुंकला असेल, आणि पाठ फिरल्यावर चावला. हा घाबरलेल्या कुत्र्याचा चावा. उद्या लांबून नीट पाहा : परका आला की त्याचं वजन मागच्या पायांवर जातं का, कान मागे चिकटतात का, आवाज चिरका होतो का. खंबीर कुत्रा चारी पायांवर भक्कम उभा राहतो, खोल आवाजात भुंकतो आणि तुम्ही ‘बस’ म्हणालात की थांबतो. तुम्हाला हवा आहे तो हा दुसरा.

पोलिसांच्या श्वानपथकात माझी बावीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर एका गावात मला एक कुत्रा दाखवायला बोलावलं होतं. लहानपणी त्याला खांबाला बांधून, तोंडासमोर गोणपाट झटकून, काठी आपटून ‘तयार’ केलं होतं. ते पिल्लू काय शिकलं? गोणपाट आणि काठी म्हणजे संकट. पुढे एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर पेंडीचं पोतं घेऊन अंगणात आले आणि त्याने त्यांचा दंड फाडला. मालक रडत होता, कुत्रा कोपऱ्यात थरथरत होता. तुमच्या मळ्यात कोणाच्या हातात काठी नसते, कोणाच्या खांद्यावर पोतं नसतं, सांगा?

संरक्षणाचं खरं शिक्षण वेगळं असतं. आयजीपी नावाची मूळ जर्मनीतली परीक्षा आहे, पूर्वी तिला शुत्झहुंड म्हणत. तिच्यात माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग. त्याआधी माणसांच्या, सायकलींच्या वर्दळीत शांत राहण्याची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. संरक्षणाच्या भागात लपलेला माणूस सापडला आणि तो उभा राहिला तर कुत्र्याने फक्त भुंकून त्याला रोखायचं, अंगाला तोंड लावायचं नाही. तो पळाला किंवा चालून आला तरच त्याच्या हातावरची जाड बाही धरायची, आणि ‘सोड’ म्हटलं की सोडायची. सोडलीच नाही तर कुत्रा बाद. माझ्या मते सगळी विद्या त्या सोडण्यात आहे. अठरा महिन्यांच्या आत कुत्र्याला या परीक्षेला बसवतही नाहीत. राणाला ‘जागेवर’ येत नाही, ‘सोड’ येत नाही, आणि आधीच भीती बसली आहे. त्याला चावायला शिकवणं म्हणजे ब्रेक नसलेला ट्रॅक्टर उतारावर सोडणं.

बिबट्याचं तर वडिलांना स्पष्ट सांगा. तुमच्या शेजारच्या अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. साखळीला बांधलेल्या राणाला पळताही येत नाही. रात्री तो उघड्यावर नकोच. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात, ती कुत्री मोकळी असतात, कळपातच वाढलेली असतात. ते काम वेगळं, ती जात वेगळी. रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरं हाकणारा आणि गाडा ओढणारा कुत्रा. त्याला माणसाच्या बरोबरीने काम लागतं. एकटा बांधला की तो आतून बिघडतो.

डॉक्टरांकडून खुबे आणि कान तपासून घ्या, कुठे दुखत असलं तरी कुत्रा चावतो. जाळीच्या तोंडपट्टीची सवय लावा : आत चिकनचा तुकडा ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, जबरदस्ती नको. सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने फिरवा. गडी बांधापलीकडून गेला, राणा गप्प राहिला, की लगेच तुमच्या हातून तुकडा. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करा. त्या गड्याला मुद्दाम जवळ उभं करू नका, त्याच्याही मनात भीती बसली आहे. ‘सोड’ दोरीच्या खेळातून शिकवा, दोरी सोडली की तुकडा आणि पुन्हा दोरी. हे सगळं शिकवायला ट्रेनर जरूर बोलवा, पण तुमच्या अंगणात, तुमच्यासमोर. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ ध्यानात असू द्या, जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलीचं ऐका. रात्री राणाला पडवीच्या आत, दार लावून झोपवा. घरातली माणसं कोण हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच परका कोण ते कळतं. विहिरीकडे कोणी फिरकलं तर तो आतून भुंकेल, तुम्ही दिवा लावाल. केबल वाचवायला तेवढं पुरतं. फक्त सुरुवातीचे काही महिने त्याला एकट्या मुलीच्या हाती देऊ नका, एक मोठं माणूस सोबत असू द्या.