प्रार्थना की उजळणी?

प्रश्न : अंथरुणावर पडून प्रार्थना सुरू करते, पण पाच मिनिटांत मन मुलाच्या नोकरीकडे, कर्जाच्या हप्त्याकडे जातं. झोप उडते ती उडतेच. माझा विश्वास कमी पडतोय का? (एक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : नाही हो. थकलेल्या डोक्यात मूक प्रार्थना काळजीत मिसळून जाते, इतकंच. अंथरूण सोडा, खुर्चीत बसा आणि बायबलमधलं १३ वं स्तोत्र हलक्या आवाजात वाचा. सहाच वचनं आहेत: आधी ‘कोठवर?’ ही तक्रार, मग मागणी, शेवटी भरवसा. पुष्कळजण तक्रार गाळून थेट भरवशावर येतात आणि शब्द पोकळ वाटतात. गाऱ्हाणं म्हणजे अविश्वास नव्हे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं.

मग वहीत एकच काळजी लिहा, एका ओळीत. तिच्याखाली एक आभार (बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात, ४:६ मध्ये, विनंतीला आभाराची जोड आहे). दहा मिनिटांत उठा. लांबवलं की पुन्हा काळजीची उजळणी सुरू.

दोन आठवडे झोप-भूक गेलेली असेल, तर पाळकांना सांगाच, पण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांनाही दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास. आणि ‘प्रार्थनेनं बरं वाटतंय’ म्हणून चालू गोळी आपल्या मनानं सोडू नका.