बॉटलवरचे दिवस धडधाकट जनावराचे असतात

बेटा,

तुझा मेसेज वाचला. म्हशीला दगडी म्हणजे कासेची सूज झालीय, ताप 105 फॅरनहाइट, दोन दिवस झाले कुटाराला तोंड लावलं नाही, पाणीही जेमतेम, आणि घरचे विचारतायत, डॉक्टर, दूध डेअरीत कधीपासून घालू. अँटिबायोटिकच्या बॉटलवर शेवटच्या इंजेक्शननंतर 3 दिवस दूध घालू नका असं लिहिलंय, तेच सांगू का म्हणून तू विचारलंस. नको सांगू.

तो आकडा धडधाकट जनावरांवर काढलेला असतो, लेबलवरच्याच डोसने आणि लेबलवर सांगितलंय तिथंच इंजेक्शन देऊन. तुझी म्हैस त्यात बसत नाही. औषध बाहेर टाकायचं काम मुख्यतः लिव्हर अन् किडनीचं, आणि आपल्या इकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना जे ढोर पाणी पीत नाही त्याच्या किडनीला रक्तच कमी पोचतं, मग औषध आतच फिरत राहतं. क्लिअरन्स, म्हणजे औषध बाहेर पडायचा वेग, निम्मा झाला की हाफ-लाइफ, म्हणजे अंगातलं औषध अर्धं व्हायला लागणारा वेळ, दुप्पट होतं, इतका सरळ हिशोब आहे. त्यात कासेला सूज, दुधाचा पीएच एरवी 6.6 च्या आसपास असतो तो 7 च्या वर चढतो, रक्त अन् दुधाच्या मधला पडदा ढिला पडतो, त्यामुळे कोणतं औषध दुधात जास्त उतरेल अन् कोणतं कमी, नेहमीचा अंदाज चालत नाही.

मी नोकरीत नवा होतो तेव्हा अशाच एका म्हशीला पेनिसिलिन दिलं अन् बॉटल वाचून दिवस सांगून मोकळा झालो. मुदत संपल्यावर त्यांनी घरच्यासाठी दूध विरजलं. सकाळी त्या घरची आजी दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन दवाखान्यात आली, माझ्यासमोर तिरपा केला तर दूध तसंच पातळ, काठाला फक्त पिवळट पाणी. म्हणाली, "बाप्पा, विरजण तर कालचंच होतं, शेजारणीकडं त्याच विरजणाचं लागलं." म्हैस तेव्हाही नीट रवंथ करत नव्हती, आणि मी ते विचारलंसुद्धा नव्हतं. त्या घरात दीड वर्षाचं पोर होतं, ते दूध पिणारं. मला ते आजही टोचतं. पण दही लागलं म्हणजे दूध साफ असंही धरू नको, पेनिसिलिनसारखी औषधं विरजण अडवतात, बाकीची कितीतरी चुपचाप निघून जातात. आणि एकाच सडात औषधाची ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, लोक तीन सडांचं कॅनमध्ये ओततात.

2012 पासून नियम आहे, लेबलवर मुदत पाहिजेच, आणि त्या औषधाची मुदत तपासून ठरवलेली नसेल तर दूध-अंड्याला किमान 7 दिवस, मांसाला किमान 28. किमान हा शब्द लक्षात ठेव. आजारी जनावर शेवटच्या इंजेक्शनपर्यंत खात-पीत नसेल तर मी लेबलची मुदत सरळ दुप्पट सांगतो, आणि ते उभं राहून चरायला लागल्यावरच दूध घालू देतो. डेअरीत दुधातलं औषध तपासायची पट्टी असेल तर तीपण लावून घे, पण ती ज्या औषधांसाठी बनलीय तेवढीच पकडते.

मला जास्त भीती बोकडांची वाटते. हगवण लागलेला बोकड, डोळे खोल गेलेले, कुणीतरी जेंटामायसिन हे अँटिबायोटिक टोचतं, दोन दिवसांत फरक नाही की मालक म्हणतो मरायच्या आत विकू, आणि खाटकाकडं जातो. म्हणजे ज्याच्या किडन्या सगळ्यात सुस्त, त्याचंच मटण सगळ्यात लवकर ताटात. जेंटामायसिन तर किडनीत महिनोन्महिने चिकटून राहतं अन् त्याच किडनीला खराबही करतं. अंगातलं पाणी सुकलेल्या जनावराला ते देऊ नकोच, आधी सलाईन लाव. आणि विकायचा विचार आहे का हे सुई भरायच्या आधी विचार, नंतर विचारून काही फायदा नाही.

दूध फेकायला सांगताना जीव तुटतो हे मला माहीत आहे, कापसाचे पैसे संपलेले असतात अन् आठवड्याचा बाजार त्या दुधावरच चालतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांग, त्यांना उधारी-पाधारीची सोय लावता येते. वासराला ते दूध पाजू देऊ नको. आणि तोंडी सांगून निघू नको, गोठ्याच्या भिंतीवर खडूने शेवटच्या इंजेक्शनची तारीख अन् दूध कधीपासून, दोन्ही लिही, कारण संध्याकाळी धार काढणारी बाई वेगळी असते, तू आली तेव्हा ती वावरात होती.