गुडमार, कारले किंवा विजयसार यांमुळे मधुमेहाच्या गोळ्या थांबवता येतात का?

वडिलांना टाइप दोनचा मधुमेह आहे आणि झाडपाल्यावर भागवून गोळ्या थांबवता येतील का, असे आपण विचारले आहे. थांबवू नयेत. आमच्या घरी हा प्रयोग होऊन गेलेला आहे.

माझ्या वडिलांचे, अण्णांचे, एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.४ टक्के होते, त्या वर्षी सोलापूरच्या गड्डा यात्रेतून आमच्या दाजींनी विजयसाराच्या लाकडाचा पेला आणि गुडमारीचा वाळलेला पाला आणला. पाला चावायला देऊन त्यांनी अण्णांच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. ती वाळूसारखी लागली, तेव्हा दाजी म्हणाले, 'जिभेवरची साखर मारली, ती रक्तातली सोडेल का?' गुडमारीतील जिम्नेमिक आम्ल जिभेवरची गोडीची जाणीव तेवढी काही काळ रोखते, रक्तातील साखरेचा तो पुरावा नव्हे, हे मी त्याच बैठकीत सांगितले होते. परंतु जावयापुढे मुलाचे कोण ऐकणार? पेल्यातले पाणी रात्रभरात तपकिरी होई, तेवढ्यावर अण्णांचा विश्वास बसला आणि मेटफॉर्मिन ही त्यांची मधुमेहाची गोळी कपाटात गेली. पायांची संवेदना आधीच मंदावलेली असल्यामुळे मे महिन्यात चप्पल लागून झालेली जखम त्यांना कळलीच नाही. एचबीएवनसी ११.२ निघाले आणि उजव्या पायाचे एक बोट काढावे लागले. पेला नीट धुतला जात नव्हता, असे दाजी आजही म्हणतात.

गंमत अशी की, मेटफॉर्मिनचे मूळही गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील संयुगांपर्यंत जाते; पॅरिसचे डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहातील त्याच्या वापराचे निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध केले. म्हणजे कपाटात गेलेली गोळीही एका अर्थाने झाडपाल्याच्याच कुळातली होती, फक्त तिची मात्रा मोजलेली होती. मूठभर पाल्यात औषध किती, हे दाजींना सांगता येत नाही.

वनस्पती निरुपयोगी आहेत, असे मात्र माझे म्हणणे नाही. मेथीदाण्यांतील चिकट तंतूंमुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते, म्हणून भिजवलेली मेथी मी स्वतः खातो, पण गोळीसोबत. आपले वडील ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेत असतील, तर डॉक्टरांना न सांगता त्यांना रोज कारल्याचा रस देऊ नये. साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि भोवळ येऊ शकते. मी डॉक्टर नाही, गिरणीत हिशेब लिहिलेला निवृत्त कारकून आहे, त्यामुळे मात्रा मला विचारू नये. दाजींसारखे कोणी आपल्याकडे असतील, तर त्यांच्याकडे पेल्याआधीचा आणि तीन महिन्यांनंतरचा, असे एचबीएवनसीचे दोन अहवाल मागावेत. आमच्या दाजींनी सहा वर्षांत एकही दाखवलेला नाही.