सामना पुन्हा खेळवा म्हणणारा सेड्रिक

"फँटसी कादंबऱ्यांमधलं कोणतं दुय्यम पात्र तुमच्या मनात घर करून बसलंय?" या प्रश्नावर माझ्या तोंडी एकच नाव येतं: हॅरी पॉटरमधला सेड्रिक डिगरी, जादूच्या शाळेतल्या हफलपफ गटाच्या क्विडिच (झाडूवर बसून खेळायचा खेळ) संघाचा कप्तान आणि सीकर, म्हणजे स्निच हा छोटा सोनेरी चेंडू पकडणारा खेळाडू. (चौथं पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर पुढे वाचू नका.)

बहुतेकांना तो आठवतो त्याच्या मरणामुळे. मला आठवतो तो तिसऱ्या पुस्तकातल्या सामन्यामुळे. भर वादळात खेळ चालू आहे. मैदानात डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारे भयंकर पहारेकरी, शिरतात, हॅरी झाडूवरून कोसळतो आणि तेवढ्यात सेड्रिक स्निच पकडतो. मागे बघतो तर हॅरी खाली पडलेला. जिंकूनही हा पोरगा म्हणतो, सामना पुन्हा खेळवा! निकालात काही खोट नव्हती. हरलेल्या संघाचा कप्तान वुडसुद्धा ते कबूल करतो.

मी शाळेत खो-खो खेळायचो. पाठीला बोटं लागलीत, पंचांना दिसलेलं नाही, तरी आपणहून बाहेर जाऊन बसणारा गडी आमच्यात एकच होता. अशा वेळी विचार करायला सवड कुठे असते? अंगात मुरलेलं असतं तेच बाहेर येतं. सेड्रिक त्याच जातीचा.

चौथ्या पुस्तकाच्या (२०००) सुरुवातीला त्याचे वडील, एमॉस, चारचौघांत फुशारकी मारतात की माझ्या पोराने हॅरी पॉटरला हरवलं. सेड्रिक अवघडून जातो आणि म्हणतो, बाबा, तो झाडूवरून पडला होता, अपघात होता तो. एवढ्याशा संवादात बाप आणि लेक दोघंही उभे राहतात.

पुढे जादूच्या शाळांमधल्या ट्रायविझार्ड स्पर्धेत दोघंही उतरतात. पहिल्या फेरीत ड्रॅगनशी गाठ आहे हे हॅरीला आधीच कळतं. तो मुद्दाम सेड्रिकची बॅग फाडतो, शाईच्या बाटल्या फुटतात, आणि गोळा करायच्या निमित्ताने त्याला एकटं गाठून ड्रॅगनबद्दल सांगतो. सेड्रिक ते विसरत नाही. पुढच्या फेरीचा सुगावा दडलेल्या सोन्याच्या अंड्याचं कोडं हॅरीला सुटत नाही तेव्हा तो हॅरीला सुचवतो, अंडं घेऊन आंघोळीला जा.

आणि मग शेवटच्या फेरीतला तो चक्रव्यूह. करंडक हाताच्या अंतरावर, हॅरीचा पाय जायबंदी. सेड्रिकने नुसता हात पुढे केला असता तरी हफलपफला कित्येक शतकांत मिळालं नव्हतं असं यश मिळालं असतं. पण तो अडून बसतो: तू मला दोनदा वाचवलंस, तूच घे. शेवटी दोघं मिळून करंडक धरतात, पण तो हॅरीच्या शत्रूंनी लावलेला सापळा असतो, आणि दोघं थेट स्मशानात जाऊन पडतात. तिथे त्याला मारताना त्याचं नावही कुणी घेत नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

नंतर हॅरी बक्षिसाच्या हजार गॅलियन सोन्याच्या मोहरा डिगरींपुढे ठेवतो. आई त्या परत करते. लेकाच्या विजयाची फुशारकी मारणारे एमॉस त्या भेटीत बहुतेक वेळ नुसते रडत असतात.