वडिलांसाठी पडल्यावर फोन लावणारं घड्याळ घेऊ का?

वडील ७८ वर्षांचे, एकटे राहतात, दोन महिन्यांत दोनदा पडले, म्हणून तुम्ही घड्याळाचं विचारलंय. घ्या. पण ते घड्याळ पडल्यानंतरचं आहे; पडण्याआधी ते काहीच करत नाही.

मी आईला घेऊन दिलं होतं. ती पडली पहाटे तीनला, बाथरूमला जाताना, आणि घड्याळ उशाशी चार्जिंगला! मुका मार बसला, तेवढ्यावर निभावलं. आता ते संध्याकाळी, ती टीव्हीपुढे बसलेली असते तेव्हा चार्ज होतं.

अशी घड्याळं हाताला बसलेला झटका आणि नंतरची निश्चलता यावरून अंदाज बांधतात. त्यामुळे भिंत धरून हळूहळू घसरत खाली बसलेला माणूस त्यांना पडलेला वाटेलच असं नाही. उलट आईने उशी झटकली की तिचं विचारतं, ‘पडलात का?’ ॲपलचं घेतलंत तर त्यात वडिलांचीच जन्मतारीख घाला, तुमची नको. ५५ च्या पुढे ही सोय आपोआप चालू होते. तरीही फायदा खरा आहे: उठता न येता तासन् तास जमिनीवर पडून राहणं हे पडण्याइतकंच घातक.

पडणं टाळायला आमच्याकडे कामाला आलं ते घरातलं साधं बीपीचं मशीन. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि पुन्हा तिसऱ्या मिनिटाला. (जवळ उभे राहा, घेरी येऊ शकते.) वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. आईचं वरचं २८ ने उतरत होतं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली आणि झोपेची हळूहळू बंद केली. गोळ्या आपल्या मनाने मात्र थांबवू नका.

दुसरं, हालचाल ओळखून लागणारे दिवे. मी पहिला दिवा बाथरूमच्या दाराशी लावला होता, म्हणजे पलंगापासूनची चार पावलं अंधारातच. आता तो पलंगाखाली आहे. पाय जमिनीला टेकला की पेटतो, डोळ्यांवर येत नाही.

कॅमेऱ्याला आईने साफ नकार दिला. मलाही तो पटला नव्हता.

फोनच्या स्टॉपवॉचवर एक चाचणी घ्या: खुर्चीतून उठणं, ३ मीटर चालून वळणं, परत येऊन बसणं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर फिजिओथेरपिस्टला गाठा. तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम नेटाने केले तर पडणं खरोखर कमी होतं. माझी आई ते रोज व्हिडिओ कॉलवर माझ्यासोबत करते, एकटीने टाळाटाळ करते.

खरेदीआधी वडिलांना विचारा, दोन्ही वेळा नेमके कुठे आणि किती वाजता पडले? रात्री उठताना असेल तर आधी दिवा आणि बीपी. जिना उतरताना असेल तर चष्मा बघा. बायफोकलच्या खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते.